अक्षर सुधारा

जावई कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं जर्मनीला गेले, तेव्हा त्यांच्या घरातल्या दोन वस्तू आमच्याकडे राहायला आल्या. एक कढीपत्त्याची कुंडी आणि दुसरी गोल्फची बॅग. कुंडीला रोज पाणी घालायचं, एवढंच काम होतं. बॅगेचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ती दाराच्या कोपऱ्यात उभी असायची, आणि रात्री पाणी प्यायला उठलं की आत यावं की न यावं अशा विचारात पडलेला पाहुणा उभा आहे असं वाटायचं. दीडेक महिन्यानं ही म्हणाली, "अहो, एक तर ती वापरा, नाहीतर माळ्यावर टाका." माळ्यावर जागा नव्हती. मी गोल्फ खेळायला लागलो त्यामागे याहून मोठं कारण नाही.

पुण्यात इतकी वर्षं काढूनही गोल्फ म्हणजे माझ्या लेखी येरवड्याचा गोल्फ क्लब चौक. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची एक खूण. भिंतीच्या आत काय चालतं याच्याशी आपला संबंध नाही, अशी माझी एकतीस वर्षांची समजूत होती. ही एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. खेळाशी नातं म्हणाल तर लहानपणी वाईला विटीदांडू, आणि नोकरीत पंधरा ऑगस्टची लेझीम. विटीदांडूत मी बरा होतो. म्हणून गोल्फची बॅग उघडून पाहिली तेव्हा मनात आलं, की हा परदेशी जाऊन पैसेवाला झालेला विटीदांडूच आहे. तिकडे तर विटी आधी उडवावी लागायची, मग हवेतल्या हवेत टोला हाणायचा, आणि समोर दहा पोरं झेलायला टपलेली. इथे चेंडू मुकाट पडलेला. तो कुणी टाकत नाही, कुणी झेलत नाही, वेळेचं बंधन नाही. मोठ्या लिंबाएवढा चेंडू. नियमानं व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमहून जास्त नको, एवढी त्याची काळजी घेतलेली. यात अवघड ते काय असणार?

गावाबाहेरच्या एका सराव मैदानावर पन्नास चेंडूंची बादली मिळते. मी सात नंबरची स्टिक घेतली (क्लब म्हणतात ते पुस्तकात, मैदानावर सगळे स्टिकच म्हणतात) आणि दणदणीत टोला हाणला. चेंडू जागेवरच होता. दुसऱ्यांदा हाणला. या वेळी रबरी चटई दोन बोटं सरकली. तिसरा चेंडू उडाला आणि काटकोनात उजवीकडे जाऊन शेजारच्या गृहस्थांच्या पाण्याच्या बाटलीला लागला. त्यांनी बाटली उचलून आपल्या डाव्या बाजूला ठेवली आणि ते म्हणाले, "काका, डोकं खाली ठेवा."

हे बोधवाक्य मला पुढच्या आठवड्यात सोळा जणांनी ऐकवलं. गोल्फच्या मैदानावर सल्ला फुकट असतो, आणि ज्याचा चेंडू कालपर्यंत गवत खात होता तो आज दुसऱ्याला देण्याइतका तयार झालेला असतो. डोकं खाली. डावा हात सरळ. उजवं कोपर पोटाशी. खांदा हनुवटीखाली. गुडघे सैल. वजन डाव्या पायावर. मनगट मोडू नका. मनगट मोडा. "आणि मुख्य म्हणजे रिलॅक्स व्हा." मी जुना मास्तर, त्यामुळे सगळं वहीत उतरवून घेतलं. अकरा कलमं झाली. चेंडूपाशी उभा राहिलो की अकराच्या अकरा वर्गात एकदम हात वर केलेल्या पोरांसारखी "सर मी, सर मी" करायची. वरून खाली यायला स्टिकला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. पाव सेकंदात अकरा पोरांची हजेरी घेऊन होत नाही. स्टिक आणि चेंडू यांची गाठ तर सुमारे अर्धा मिलिसेकंद पडते. हाताला झटका जाणवून ती बातमी मेंदूपर्यंत पोचते तोवर चेंडू आपल्या वाटेला लागलेला असतो. म्हणजे आपल्याला कळतं ते सगळं चेंडू गेल्यावर.

शेवटी मी तासाचे पैसे भरून शिकवणी लावली.

शिकवणारा मुलगा तिशीचा. लहानपणापासून कॅडी म्हणून साहेब लोकांच्या बॅगा वाहिलेला, बॅगा वाहता वाहता खेळ उचललेला. आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर दिल्लीत कॅडी होता. २००९ साली तीच स्पर्धा जिंकणारा चिन्नास्वामी मुनियप्पा बंगळूरमध्ये कॅडी होता. आमच्या या मुलानं स्पर्धा जिंकल्या नाहीत, पण हजारो वाईट टोले जवळून पाहिले आहेत, आणि तेही तोंड मिटून. साहेबाची चूक साहेबाला सांगायची नसते, हे कॅडी पहिल्याच दिवशी शिकतो. साहेबाचा चेंडू झाडीत गेला की "वारा होता साहेब" म्हणायचं आणि शोधायला निघायचं. त्याच्या कमी बोलण्याचं मूळ बहुधा तिथे असावं. मी त्याला 'सर' म्हणतो, कारण तो शिकवतो. तो मला 'सर' म्हणतो, कारण मी शिकवत होतो. लांबून ऐकणाऱ्याला इथे विद्यार्थी कोण हे कळायचं नाही. चेंडू गेला की मात्र लगेच कळतं.

पहिल्या दिवशी त्यानं माझी अकरा कलमांची वही पाहिली, मिटली आणि बॅगेवर ठेवली. म्हणाला, "दहा मारा सर. मी बघतो." मी दहा मारले. निघायचे सरळ, आणि मग गावाकडचं माणूस पुण्याच्या सिग्नलला बावरून वळतं तसे उजवीकडे वळायचे. याला स्लाइस म्हणतात. हा नवशिक्यांचा राष्ट्रीय आजार आहे, म्हणजे सगळ्याच राष्ट्रांत. मी त्यावर माझ्या बुद्धीनं उपायही शोधला होता: चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण थोडं डावीकडे तोंड करून उभं राहायचं. कुणालाही सुचेल असाच तो उपाय. पण मी जितका डावीकडे वळायचो तितका चेंडू चवताळून उजवीकडे जायचा.

सरांनी मागे उभं राहून फोनवर माझं चित्रण केलं आणि संथ गतीनं दाखवलं. मला वाटत होतं, की मी रेखीव वर्तुळात स्टिक नेतो आणि खांदे वळवून शांतपणे खाली आणतो. पडद्यावर जो मनुष्य दिसला तो पलंगामागच्या पालीला केरसुणीनं हाणत होता. वर जाताना कोपर पंखासारखं बाहेर, खाली येताना खांदा सगळ्यांच्या पुढे, आणि शेवटी एका पायावर तोल सावरत "पडलो नाही" असा विजयी चेहरा. मी म्हटलं, "हा मी नाही." सर म्हणाले, "शर्ट तुमचाच आहे."

घरी हिला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "कुणाला मारताय?" मग जरा थांबून, "आणि श्वास का धरून ठेवलाय?" श्वासाचा मुद्दा सोळा सल्लागारांपैकी एकाच्याही लक्षात आला नव्हता.

त्या रात्री मला झोप येईना, कारण 'डोकं खाली ठेवा' हे वाक्य मला कुठेतरी आधी भेटलंय असं सारखं वाटत होतं. ते मीच लिहीत होतो, एकतीस वर्षं. फक्त माझे शब्द वेगळे होते: 'अक्षर सुधारा.' निबंधाच्या वहीच्या शेवटी, लाल शाईत, खाली एक रेघ. एका वर्गात साठ मुलं, वर्षाला दहा निबंध, त्यातल्या निम्म्या वह्यांवर तरी हे दोन शब्द असणारच. गुणाकार करवेना. आणि या दोन शब्दांत काय सांगितलं होतं मी? अक्षर वाईट आहे हे त्या मुलाला ठाऊकच होतं. बापानं सांगितलं होतं, बाकावरच्या मित्रानं सांगितलं होतं. पेन्सिल मुठीत आवळतोस म्हणून बोटं आखडतात, की वही तिरपी ठेवतोस, की 'श'चं पोट काढायची घाई करतोस, यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. मीही बाटली डाव्या बाजूला ठेवून सल्ला देणारा गृहस्थच होतो. बी.एड.ला आम्हाला 'प्रत्याभरण' (म्हणजे फीडबॅक) नावाचं प्रकरण होतं. शब्द इतका जड, की तो पाठ करण्यातच वर्ष गेलं. कुणाला प्रत्याभरण द्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या तासाला मी सरांना म्हटलं, "सगळं बदला." ते म्हणाले, "एवढ्यात नाही," आणि खिसे चाचपायला लागले. स्टिकच्या तोंडावर चेंडू नेमका कुठे लागतो ते बघायला पायाला मारायची पावडर किंवा मार्करची शाई लावतात. ते घरी विसरलं होतं. माझ्या पिशवीच्या तळाशी खडू सापडला. निवृत्त शिक्षकाच्या पिशवीतला खडू म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याच्या कनवटीचा अंगारा. का असतो विचारू नये. सात नंबरच्या तोंडावर खडू घासला, पांढरीशुभ्र पाटी झाली. चेंडू मारला, आणि पाटीवर एक काळसर गोल उमटला. मधोमध नव्हे, दांड्याला चिकटून, ज्याला टाच म्हणतात तिथे. पुसलं, परत घासलं, परत मारला. परत टाच. दहांपैकी सात टाचेला, दोन टोकाला, आणि एक कसा कोण जाणे मधोमध.

तो एक फार महत्त्वाचा. त्याचा आवाज वेगळा आला. बाकीच्यांचा 'खट्', याचा 'टप्प', पिकल्या आंब्याचं झाड हलवल्यावर येतो तसा भरीव. हातात काही लागलंच नाही. चेंडू गेला किती हे मी बघितलंही नाही, खडूच बघत राहिलो. सरांनीही "वा" वगैरे म्हटलं नाही. खडूनं सांगून झालं होतं. आणि खडूचं सांगणं असं, की त्यात राग नाही, कौतुक नाही, तुमच्या वयाचा मान नाही. 'अमुक ठिकाणी लागला', एवढंच. पुढच्या वेळी मी काही ठरवून केलं नाही. गोल आपसूक मध्याकडे सरकायला लागला. शंभर गोलांनंतर दहांत चार मधे, तीन जवळपास. मी घरून नवी पेटी आणली. सरकारी दर्जाचा, न मोडणारा खडू शाळेत कधी मिळाला नाही; हा मी स्वखर्चानं घेतला.

मग कित्ते सुरू झाले. ड्रिल म्हणतात त्याला आपल्याकडे कित्ता हा इतका नेमका शब्द असताना मी दुसरा वापरणार नाही. पूर्ण अक्षर काढायचं नाही, नुसता काना, नुसती वेलांटी, पानभर. दोन्ही पाय जुळवून उभं राहून अर्धाच टोला. अंग फेकलं की माणूस कोसळतो, त्यामुळे फेकत नाही. कमरेपासून कमरेपर्यंतच स्टिक न्यायची आणि आणायची. एका कित्त्याला टॉवेल लागतो. सरांनी "टॉवेल आणा" सांगितलं, मी सवयीनं पंचा नेला. छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरायचा आणि तो न पडू देता टोला मारायचा, म्हणजे हात अंगापासून सुटत नाहीत. शाळेच्या वैद्यकीय तपासणीत काखेत तापमापी धरून बसायचो, अगदी तसं. शेजारच्या मॅटवरचे रंगीत टोप्यांचे तरुण माझ्याकडे बघत होते. गोल्फच्या मैदानावर आजवर जे पोशाख झाले असतील त्यांत पंचा बहुधा पहिला.

पण सगळ्यांत लागू पडला तो कानटोपीचा कित्ता. ड्रायव्हर नावाची जी सगळ्यांत लांब स्टिक, तिला लोकरी टोपडं घालतात. (आज ड्रायव्हर नीट चालला नाही असं घरी म्हटलं, तर सासूबाईंनी विचारलं, मग येताना रिक्षा केलीत का.) ते टोपडं सरांनी चेंडूच्या पलीकडे, जरासं मागे, चार बोटांवर ठेवलं. "याला न लागता चेंडू मारा सर." मी मारला. चेंडू तसाच राहिला आणि टोपडं सणसणत वीस यार्ड गेलं. त्या महिन्यात मी मारलेली सर्वांत सरळ गेलेली वस्तू ती.

तेव्हा माझी चूक मला पहिल्यांदा कळली. कळली म्हणजे डोक्याला नाही, त्या टोपड्याला कळली. मी स्टिक बाहेरून आत ओढत होतो, आडवी, चेंडू कापत. सरांनी मग एकदाच सलग चार वाक्यं बोलून ते समजावलं: "चेंडू आधी कुठं निघाला ते बघा, तिकडं स्टिकचं तोंड होतं. नंतर कुठं वळला ते बघा; तिथं स्टिकचा रस्ता कळतो. तोंड एकीकडं, रस्ता दुसरीकडं, म्हणून वळतो. तुम्ही डावीकडं तोंड करून उभे राहिलात की रस्ता अजून डावीकडं जातो, मग अजून वळतो." माझा घरगुती उपाय म्हणजे ताप आला की जास्त पांघरूण घेऊन उन्हात बसणं होतं. गंमत अशी, की जुन्या काळातले शिकवणारेही हे उलटंच सांगत: चेंडू निघतो तो रस्त्याच्या दिशेनं आणि वळून पोचतो ते तोंडाच्या दिशेनं. पुढे ट्रॅकमन नावाच्या डॅनिश कंपनीसारख्यांची रडारयंत्रं आली, चेंडू आणि स्टिक दोन्ही मोजता आले, आणि निघण्याची दिशा बहुतांशी तोंडच ठरवतं हे साऱ्यांना मान्य करावं लागलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मास्तर चुकीचं शिकवत होते आणि विद्यार्थी तरीही शिकत होते. हे वाचून मला फार बरं वाटलं. का ते उघड आहे.

मधल्या काळात मी एक गुन्हाही केला, पुस्तक आणलं. बेन होगनचं, १९५७ सालचं, पाच धड्यांचं. हा होगन फेब्रुवारी १९४९ मध्ये मोटारीवर बस आदळून मरता मरता वाचला, पुन्हा चालेल की नाही याची शंका होती, आणि १९५०च्या जूनमध्ये त्यानं यू. एस. ओपन जिंकली. असा माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकायलाच हवं. त्यात एक चित्र आहे: खेळाडूच्या गळ्यात तिरपी काच बसवली आहे, खांद्यावरून चेंडूपर्यंत उतरणारी, आणि स्टिक तिच्याखालीच राहिली पाहिजे. चित्र सुरेख आहे. पण ते डोक्यात घेऊन मी मैदानावर गेलो तो दिवस काच फुटण्याच्या आवाजातच गेला. सरांनी तीन चेंडूंनंतर विचारलं, "सर, काही वाचून आलात का?"

मग त्यांनी फोनवर जिम फ्यूरिकचा टोला दाखवला. हा माणूस स्टिक अशी वर नेतो, की बिघडलेली छत्री उघडतोय वाटावं. वर एक गिरकी घेतो, आणि खाली येताना मात्र सगळं जागेवर. २००३ची यू. एस. ओपन त्याच्या नावावर आहे, आणि २०१६ साली एका फेरीत त्यानं ५८ टोले घेतले. पीजीए टूरवर त्याआधी इतके कमी कुणीच घेतले नव्हते. काचेच्या चित्रात हा बसत नाही. मला माझ्या वर्गातली काही अक्षरं आठवली. डावीकडे कललेली, मात्रा भलत्याच ठिकाणी, पण वाचताना एकदाही न अडखळायला लावणारी. त्यांवरही मी 'अक्षर सुधारा' लिहिलं होतं.

याच दिवसांत एका बँकेत कामानिमित्त गेलो होतो. काचेपलीकडचा अधिकारी उठून बाहेर आला आणि भर बँकेत पाया पडला. माझा विद्यार्थी, दहावी 'ब'. चहा मागवला, जुन्या गोष्टी निघाल्या. माझं मन त्या वह्यांत अडकलेलंच होतं. मी म्हटलं, "अरे, मी तुझ्या वहीत सारखं 'अक्षर सुधारा' लिहायचो. राग यायचा का रे?" तो गोंधळला. "कुठे सर?" "निबंधाच्या शेवटी. लाल शाईत." त्यानं आठवून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "ते 'अक्षर सुधारा' होतं होय सर? मला वाटायचं, ती तुमची सही आहे."

चहा संपवून मी तसाच मैदानावर गेलो आणि सरांना काही न सांगता बादलीभर चेंडू मारले.

सरांची शिकवण्याची एक पद्धत मला सुरुवातीला अजिबात पसंत नव्हती. चेंडू गेला की मी वळून त्यांच्याकडे बघायचो, आणि ते दूर बगळ्यांकडे. (या मैदानावर बगळे फार. चेंडूंचा पाऊस पडत असतो आणि ते गवतातले किडे टिपत आरामात फिरतात. नवशिक्यांच्या नेमबाजीवर त्यांचा गाढ विश्वास आहे.) मी विचारायचो, "काय झालं?" ते म्हणायचे, "आधी तुम्ही सांगा." अरे, पैसे मी भरले आहेत! पण सांगायलाच लागायचं. "टाचेला लागला असावा." खडू बघायचा. टोकाला लागलेला असायचा. "आता?" "मधे." टाच. पहिल्या आठवड्यात माझं उत्तर इतकं नेमानं चुकायचं, की उलटं धरलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या आठवड्यात ते जमायला लागलं. खडू बघायच्या आधी हाताला कळायचं, की हा टाचेला, हा जाड, म्हणजे आधी जमिनीला आणि मग चेंडूला. चेंडू अजून वाईटच जात होते, पण आता ते माझ्या माहितीनं वाईट जात होते.

जुन्या मास्तराला स्वस्थ बसवत नाही म्हणून मी याबद्दल थोडं खणलं. अमेरिकेत सॅल्मनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी १९८४ साली असल्या सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच चूक सांगत गेलं, की सांगणारा समोर असेपर्यंत शिकणारा झकास करतो आणि सांगणारा गेला की ढेपाळतो. कारण तो त्या सांगण्यावरच रेलून उभा असतो. गॅब्रिएले वुल्फ या बाईंनी १९९९ साली गोल्फचे छोटे टोले मारायला लावले. हातांकडे लक्ष द्या म्हटलेल्यांपेक्षा स्टिकच्या झोक्याकडे लक्ष द्या म्हटलेल्यांचे टोले अचूक पडले. मी हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "असेल सर. मला तर लहानपणी साहेब लोकांसमोर बोलायचीच बंदी होती."

लय मात्र मी माझी माझी सोडवली. जॉन नोव्होसेल नावाच्या एकानं व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती चौकट चौकट मोजल्या, तर वर जायला जेवढा वेळ त्याचा तिसरा हिस्सा खाली यायला, मग खेळाडू संथ असो की चपळ. तीनास एक. मी वर जायला दचकून एक आणि खाली यायला घाबरून एक घेत होतो. पण तीनास एक म्हटल्याबरोबर माझ्या कानात हलगी वाजली. लेझीम बसवताना पोरांना हेच तर सांगायचो, तीन मात्रा नुसतं अंग भरायचं, चौथीला झटका. "ए-क, दो-न, ती-न" करत स्टिक वर, "चार" ला खाली. आणि मोजणी तोंडानं करायची, म्हणजे श्वास धरून ठेवता येत नाही. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." ते खरं आहे.

परवा पाऊस सुरू झाला. मैदानावर मी, सर आणि बगळे. ओल्या स्टिकवर खडू टिकेना, दोनदा घासला, दोनदा वाहून गेला. पिशवीत टाकला. टोपडं भिजून मांजरासारखं दिसत होतं, तेही उचललं. पंचा डोक्याला गुंडाळला होता. नुसता चेंडू आणि मी. ए-क, दो-न, ती-न. चार.

टप्प.

चेंडू पावसात शिरला. निघाला सरळ, आणि नेहमीच्या ठिकाणी, जिथे त्याला गाव आठवतं, तिथेही तो वळला नाही. दीडशेच्या पाटीच्या अलीकडे पाणी उडालं. बगळा दोन पावलं सरकला. मी वळून पाहिलं. सर शेडच्या खांबाला टेकून उभे होते. पावसाच्या आवाजात ते म्हणाले, "हं."

बस, एवढंच. पुढचा चेंडू मी पुन्हा उजवीकडे घालवला, त्यावर ते काहीच म्हणाले नाहीत. तास संपला.

घरी आलो तर ही पोळ्या लाटत होती. "काय म्हणाले तुमचे सर?"

"हं म्हणाले."

"कुठला हं?"

मराठीत 'हं'ला अंत नाही. 'हं' म्हणजे बरोबर, 'हं' म्हणजे चालू द्या, 'हं' म्हणजे असं काय. परवानगी देणारा एक, दम देणारा एक, आणि फोनवर पलीकडचं बोलणं ऐकू येत नसताना म्हणायचा आणखी एक. मी ओट्यापाशी उभा राहून तीन-चार म्हणून दाखवले. तिनं पोळी तव्यावर टाकता टाकता ऐकले.

"तिसरा परत म्हणा."

म्हटला.

"तो असेल तर चांगलं आहे," तिनं पोळी उलटली, "पण पावसात तुम्हाला नीट ऐकू आलं होतं ना?"